आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या डॉक्टरणी

दोघीही १८६५ सालच्या. व्हेरिना हॅरिसचा जन्म २८ जानेवारीचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँडला. यमुना जोशी ३१ मार्चची, माहेर कल्याणचं. लग्नानंतर यमुनाची आनंदी झाली. १८८३ साली ती बोटीने अमेरिकेला पोचली आणि फिलाडेल्फियाच्या ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’त दाखल झाली. वर्षभरात, १८८४ मध्ये, व्हेरिनाही त्याच कॉलेजात आली. नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवरच्या त्या इमारतीत या दोन समवयस्क मुली एकाच काळात शरीरशास्त्र, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र शिकत होत्या. दोघींच्या अधिष्ठाताही एकच, डॉ. रेचल बॉडली. एक कोकणस्थ ब्राह्मणाच्या घरातली, फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीतही साडी आणि शाकाहार न सोडणारी. दुसरी कृष्णवर्णीय, अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली त्याच वर्षी जन्मलेली.

यांतली पहिली कल्याणला सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या भाषणांत तिचं नाव असतं, श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ने ती घरोघरी पोचवली, २०१९ च्या चित्रपटाने नव्या पिढीला भेटवली. दुसरीचं नाव ठाणे-कल्याण-डोंबिवलीत सहसा कोणाच्या कानावर पडलेलं नसतं. खरं तर त्या कॉलेजात आनंदीबाईंच्या आधी, त्यांच्या सोबत आणि त्यांच्या मागून शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलींची एक रांगच उभी आहे. आनंदीबाईंच्या धाडसाची खरी उंची कळायची असेल, तर त्यांना एकटं उभं करून भागत नाही. त्या रांगेत उभं करूनच पाहावं लागतं.

आपल्याकडे आनंदीबाईंचं एक छायाचित्र फार फिरतं. १० ऑक्टोबर १८८५ ला काढलेलं. साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पारंपरिक वेषातल्या सीरियाच्या सबत इस्लामबुली. तीन देशांतल्या तीन भावी डॉक्टर. छायाचित्र सुंदरच आहे. पण त्यात कॉलेजातली एकही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी नाही. दूरदेशीचा पोशाख घालून आलेल्या मुलींचं फिलाडेल्फियाला अप्रूप होतं. जिचे आजी-आजोबा त्याच देशात विकले-विकत घेतले गेले, तिचं कसलं अप्रूप? आपणही तेच छायाचित्र उचललं आणि त्याच्या चौकटीबाहेर पाहिलं नाही.

आनंदीबाईंची गोष्ट थोडक्यात सांगायची तर ती एका बाळापासून सुरू होते. पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव कल्याणला आले, बायकोला शिकवीन या अटीवर त्यांनी नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केलं. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट औषधपाणी मिळालं असतं तर तो वाचला असता, हे तिच्या मनाने घेतलं. बाईला बाईच डॉक्टर हवी, हा तिचा आग्रह तिथून आला. न्यू जर्सीच्या रोझेलमध्ये राहणाऱ्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि या अनोळखी मुलीला आपलं घर उघडलं. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक झाली, पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

डॉक्टर होऊन काय करायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. करायला आयुष्य उरलं नाही. म्हणूनच त्यांच्या कॉलेजातल्या कृष्णवर्णीय डॉक्टरणींनी त्याच पदवीचं पुढे काय केलं, ते सविस्तर सांगायला हवं.

हे कॉलेज १८५० साली निघालं, मागे क्वेकर पंथाच्या मंडळींचं बळ होतं. हे लोक गुलामगिरीच्या विरोधातले आणि बायकांच्या शिक्षणाच्या बाजूचे. तरी वाट सोपी नव्हती. नोव्हेंबर १८६९ मध्ये या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलच्या चिकित्सा-व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून, शिव्या देऊन त्यांची हुर्यो उडवली. त्या गोऱ्या मुली होत्या. कृष्णवर्णीय मुलीला बाई म्हणून आणि काळी म्हणून, असा दुहेरी मार खावा लागे.

कॉलेज सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांतच, १८५२-५३ च्या सुमारास, तिथल्या व्याख्यानांना सारा मॅप्स डग्लस नावाची एक कृष्णवर्णीय शिक्षिका बसू लागली होती. तिचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे. पदवी घेणं हा तिचा उद्देश नव्हता. शरीराचं, आरोग्याचं जे कळेल ते आपल्या वस्तीतल्या बायका-मुलींना शिकवायचं, एवढंच. फिलाडेल्फियाच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ’ या शाळेत ती शिकवायची. याच शाळेतून १८६३ साली बाहेर पडलेली रिबेका कोल पुढे मेडिकल कॉलेजात गेली आणि १८६७ मध्ये, एकविसाव्या वर्षी, डॉक्टर झाली. अमेरिकेतली दुसरी कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर ती. पहिली रिबेका ली क्रम्पलर, बोस्टनची, १८६४ सालची. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियात जाऊन क्रम्पलरने नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांवर उपचार केले. आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच वर्षी, १८८३ मध्ये, तिचं वैद्यकावरचं पुस्तक छापून आलं, ते मुख्यतः आयांसाठी आणि परिचारिकांसाठी. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला मात्र २०२० साल उजाडावं लागलं.

रिबेका कोलकडे वळू. डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल या अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री-डॉक्टरने न्यूयॉर्कमध्ये बायका-मुलांसाठी दवाखाना चालवला होता. तिथून घरोघर जाऊन आरोग्य शिकवणाऱ्या डॉक्टरणी पाठवल्या जात. हे काम कोलने केलं. काम म्हणजे झोपडवस्तीतल्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचे जिने चढायचे, गरोदर बायकांची विचारपूस करायची, बाळाला काय पाजायचं, पाणी कसं ठेवायचं, खोलीत हवा कशी खेळवायची, हे दाखवायचं.

कल्याण पूर्वेच्या चाळींत किंवा डोंबिवलीच्या कडेच्या वस्त्यांत दुपारच्या वेळी गेलं, तर हेच काम डोळ्यांसमोर होताना दिसतं. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, आशाताई दार वाजवतात. माता-बाल संरक्षण कार्ड काढायला लावतात, वजनाचा रकाना बघतात, लोहाच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन किती उरल्या ते मोजतात. गोळ्या जास्त उरल्या असतील तर उंबऱ्यातच बसून चौकशी होते: मळमळतं का, जेवल्यावर घेतेस का, सासूबाई काही म्हणतात का. मानधन तुटपुंजं, त्यासाठीही मोर्चे काढावे लागतात. या आशाताईंची एक पूर्वसूरी दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कचे जिने चढत होती आणि ती एक कृष्णवर्णीय डॉक्टर होती, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवं.

१८७३ साली कोलने फिलाडेल्फियात डॉ. शार्लट ॲबी यांच्याबरोबर निराधार बायका-मुलांसाठी केंद्र काढलं. तिथे औषधाबरोबर कायद्याचा सल्लाही मिळे. योगायोग असा की हेच ‘गुलामगिरी’चं साल. जोतीराव फुल्यांनी हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी मोडून काढणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. पुण्याहून जोतीरावांना जी लढाई जवळची वाटली, ती तिथे संपलेली नव्हती. कायदा बदलला होता; खोल्या त्याच होत्या, भाडी तीच, मालक तेच.

कोलचं सगळ्यात मोठं काम, निदान या लेखापुरतं, १८९६ चं आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे कृष्णवर्णीयांचे मोठे विद्वान नेते. कृष्णवर्णीय लोक क्षयाने जास्त मरतात, कारण त्यांना आरोग्याचं ज्ञान नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. कोलने ‘विमेन्स एरा’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नियतकालिकातून त्यांना उत्तर दिलं. काळा रोगी दिसला की पुरता तपास न करता क्षयाची नोंद ठोकून देणारे डॉक्टर आधी तपासा, असं तिचं म्हणणं. खुराड्यांसारख्या खोल्यांत माणसं कोंबून भाडं खाणाऱ्या मालकांना कोण जाब विचारणार, हा तिचा दुसरा मुद्दा. एका माणसामागे खोलीत किती घनफूट हवा हवी, याचाच कायदा करा, अशी तिची मागणी होती. आकड्यांमागची खोली स्वतः पाहिलेल्या बाईचा हा युक्तिवाद आहे. आजही कुठल्याही शहरात गरिबांच्या आजाराचं खापर त्यांच्या सवयींवर फोडलं जातं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात अशा वस्तीत क्षयाच्या औषधांचा कोर्स करणाऱ्या रोग्याला कोलचा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. कोलने सुमारे पन्नास वर्षं डॉक्टरकी केली. १९२२ मध्ये ती वारली.

आनंदीबाई फिलाडेल्फियात होत्या त्या तीन वर्षांत त्याच शहरात त्याच कॉलेजची आणखी एक कृष्णवर्णीय पदवीधर दवाखाना चालवत होती. कॅरोलाइन स्टिल अँडरसन, १८७८ ची. तिच्या वडिलांची हकिगत कादंबरीत शोभावी अशी आहे. विल्यम स्टिल हे दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना लपवून उत्तरेकडे पोचवणाऱ्या गुप्त साखळीचे फिलाडेल्फियातले आधारस्तंभ. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, आईबाप, कोणाकडून पळाला, हे ते लिहून ठेवत. १८५० साली एक मध्यमवयीन माणूस समोर बसला. आईचं नाव सांगू लागला, हरवलेल्या घराच्या खुणा सांगू लागला. ऐकता ऐकता स्टिल यांच्या लक्षात आलं की हा आपलाच सख्खा भाऊ आहे, आई पळून आली तेव्हा मागे राहिलेला. त्या नोंदींचं पुस्तक त्यांनी १८७२ मध्ये छापलं.

अशा घरातली कॅरोलाइन ओबर्लिन कॉलेजातून १८६८ मध्ये पदवीधर झाली. त्या वर्गात कृष्णवर्णीय मुलगी ती एकटीच. डॉक्टर झाल्यावर बोस्टनच्या बायका-मुलांच्या इस्पितळात उमेदवारीसाठी तिने अर्ज केला. रंगामुळे तो नाकारला गेला. कॅरोलाइन घरी रडत बसली नाही. ती थेट बोस्टनला गेली, संचालक मंडळासमोर उभी राहिली, आणि तिला पाहून, ऐकून त्याच मंडळाने तिची नेमणूक एकमताने केली. पुढे फिलाडेल्फियात नवऱ्याच्या चर्चमध्येच तिने दवाखाना थाटला, त्याच्या जोडीला उद्योगशाळा उभी केली. स्वयंपाक, शिवण, सुतारकाम, शिकवणी असं सगळं तिथे चाले.

विल्यम स्टिल यांच्या कचेरीत वारंवार येणारी एक बाई होती हॅरिएट टबमन. स्वतः गुलामगिरीतून पळालेली, आणि मग पुन्हा पुन्हा मागे जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणणारी. तिची भेट एका मराठी बाईने घेतली आहे, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ती मराठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला डॉ. बॉडलींच्या निमंत्रणावरून रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या, आणि पुढची दोन-अडीच वर्षं अमेरिकाभर फिरल्या. त्या मुक्कामात त्या हॅरिएटला तिच्या घरी भेटल्या. ही भेट त्यांनी मुलगी मनोरमाला पत्रातून कळवली आहे. स्वतःचं छोटंसं घर असलेली, आपल्या लोकांसाठी अजून राबणारी, धिप्पाड, दणकट बाई. तिने रमाबाईंना करकचून मिठी मारली आणि हात असा काही दाबून हलवला की रमाबाईंचा हात दुखू लागला. लहान मुलीला सांगावी अशी ही गोष्ट त्यांनी मोठ्या प्रेमाने लिहिली आहे. १८८९ मध्ये मराठीत छापलेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात अमेरिकेची तोंडभरून स्तुती करताना रमाबाईंनी तिथला वर्णद्वेष झाकून ठेवला नाही. केडगावचं मुक्तिसदन उभं करणाऱ्या बाईवर टबमनच्या घराचा काय ठसा उमटला असेल, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. (शुक्र ग्रहावरच्या विवरांना बायकांची नावं देतात. त्यांत एक विवर जोशींच्या नावाचं आहे, एक टबमनच्या.)

आनंदीबाईंच्या मागून आलेल्यांत हॅली टॅनर डिलनची गोष्ट अंगावर काटा आणते. पदरात एक लहान मुलगी, नवरा वारलेला, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने मेडिकल कॉलेजात नाव घातलं. १८९१ मध्ये छत्तीस जणींच्या वर्गात ती मानाने उत्तीर्ण झाली. तेव्हा अलाबामातल्या टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन कृष्णवर्णीय डॉक्टरच्या शोधात होते. पगार वर्षाला ६०० डॉलर, राहणं-जेवण संस्थेचं, शिवाय वर्गांवर शिकवायचं. पण आधी अलाबामाचा परवाना हवा होता. परीक्षा दहा दिवसांची, रोज नवा विषय. तिच्या आधी एक गोरी डॉक्टरीण याच परीक्षेत नापास झाली होती. तिथल्या वर्तमानपत्रांना हा तमाशा वाटत होता. हॅली पास झाली. अलाबामा राज्यात वैद्यकीचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री, कोणत्याही वर्णाची, हीच. टस्कीगीत ती औषधं स्वतः तयार करायची, परिचारिकांना शिकवायची, गावासाठी दवाखाना चालवायची. पुढे तिने दुसरं लग्न केलं आणि १९०१ साली, छत्तिसाव्या वर्षी, बाळंतपणात ती गेली.

एलायझा ग्रिअरचा जन्म गुलामगिरीतला, १८६४ चा. तिने १८९० साली या कॉलेजला पत्र लिहून सरळ विचारलं: माझ्याकडे पैसा नाही आणि तो मिळायची सोयही नाही, माझ्यासारख्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर काही मदत मिळेल का? शिकण्यासाठी तिने एक वर्ष कापूस वेचायचा, पैसे गाठीला बांधायचे, पुढच्या वर्षी शिकायचं, असा क्रम धरला होता. यवतमाळ-अकोल्याच्या बाईला पऱ्हाटीच्या बोंडांनी सोललेली बोटं काय असतात ते ठाऊक आहे; त्या बोटांनी एलायझाने पुढे शस्त्रक्रियेची हत्यारं धरली. १८९७ मध्ये ती डॉक्टर झाली, जॉर्जियात परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पाच वर्षांत आजारपणाने तिला नेलं.

१८९७ च्या त्याच वर्गात साउथ कॅरोलायनाची मटिल्डा इव्हान्स होती. आफ्रिकेत मिशनरी डॉक्टर म्हणून जायचं तिच्या मनात होतं, पण आपल्याच राज्यात डॉक्टरची जास्त गरज आहे हे पाहून ती तिथल्या कोलंबिया शहरात आली. कृष्णवर्णीयांना शहरात इस्पितळ नव्हतं, म्हणून सुरुवातीला तिने रोगी स्वतःच्या घरात ठेवले. १९०१ मध्ये टेलर लेन हॉस्पिटल काढलं, जोडीला परिचारिकांची शाळा. पैसा कुठून आला? श्रीमंत गोऱ्या बायका तिच्याकडे गुपचूप उपचारासाठी यायच्या, कारण ती चांगली डॉक्टर होती आणि तिच्याकडे आल्याचं त्यांच्या वर्तुळात कळत नसे. त्यांच्याकडून घेतलेल्या फीवर गरिबांचे उपचार फुकट व्हायचे. शाळेतल्या मुलांची सरसकट तपासणी तिने सुरू केली तेव्हा कित्येक मुलं आजारी निघाली. आज आपल्याकडे शालेय आरोग्य तपासणी सरकारी कामकाजाचा भाग आहे. तेव्हा ती एका बाईच्या हट्टावर उभी होती.

१८९७ म्हटलं की मराठी माणसाला प्लेग आठवतो. त्या वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. त्यांच्या नावाचं नाट्यगृह डोंबिवलीत उभं आहे. कल्याणच्या रंगमंदिरात आनंदीबाईंवर कार्यक्रम होऊ शकतात. या दोघींच्या नावांशेजारी एलायझा आणि मटिल्डा यांची नावं घेतली, तर सावित्रीबाई नि आनंदीबाई लहान होत नाहीत.

आणि व्हेरिना? तिला भरपूर आयुष्य लाभलं. १८८८ मध्ये डॉक्टर होऊन ती मिसिसिपीला होली स्प्रिंग्जच्या कॉलेजात निवासी डॉक्टर म्हणून गेली, आणि त्या राज्यात वैद्यकी करण्याचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरली. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारण्याचा तो काळ, आणि तेवीस-चोवीस वर्षांची ही मुलगी तिथे एकटी. लग्नानंतर ती ब्रुकलिनला आली. १९०८ मध्ये मेरी व्हाइट ओव्हिंग्टन यांच्याबरोबर तिने तिथे लिंकन सेटलमेंट उभं केलं. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी, दवाखाना. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’च्या कार्यकारिणीवर ती बरीच वर्षं होती. बायकांच्या मताधिकारासाठी झटली. उतारवयात लाँग आयलंडवर हेम्पस्टेडला जे समाजकेंद्र तिने चालवलं, त्याचं नाव हॅरिएट टबमन कम्युनिटी हाउस. १९४३ मध्ये ती गेली. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा छप्पन वर्षं झाली होती. कल्याणच्या मुलीला तेवढं आयुष्य मिळालं असतं तर तिने कोल्हापुरात, कल्याणात काय काय उभं केलं असतं, याची कल्पना करायची तर व्हेरिनाचं चरित्र डोळ्यांसमोर ठेवावं.

बाळंतपणाचा धागा या सगळ्या गोष्टीत आरपार गेलेला आहे. आनंदीबाईंचं दहा दिवसांचं बाळ, त्यांचा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध, हॅलीचं मरण. हा इतिहास झाला म्हणावं, तर तसं नाही. २०२१ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातले हे सरकारी आकडे. सेरेना विल्यम्सला इथे कोण ओळखत नाही? १ सप्टेंबर २०१७ ला तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी धाप लागली. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास तिला पूर्वीपासून होता, म्हणून काय होतंय ते तिने ओळखलं आणि स्कॅन करा, औषध सुरू करा, असं सांगितलं. औषधांमुळे बाई बरळतेय, असं सुरुवातीला परिचारिकेला वाटलं. सेरेनाने हट्ट सोडला नाही. स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. तेवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईचं म्हणणं जिथे लगेच ऐकून घेतलं गेलं नाही, तिथे भांडी घासून पोट भरणारीचं काय होत असेल? आणि हा प्रश्न आपल्याही दारात आहे. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कळा सुटलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या ठाणे जिल्ह्याला नव्या नाहीत. रिबेका कोलने डु बॉइस यांना विचारलेला प्रश्न इथेही लागू पडतो: दोष बाईच्या अज्ञानाचा, की तिच्यापर्यंत न पोचलेल्या रस्त्याचा?

आफ्रिकी वंशाच्या बायका पाहायला फिलाडेल्फियालाच जावं लागतं, असंही नाही. मुरूड-जंजिऱ्याचं संस्थान आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं, ते १९४८ पर्यंत होतं. बेळगाव ओलांडून खाली उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत सिद्दींची गावं आहेत, तिथली बोली कोकणी-मराठीच्या अंगाने जाते. तिथल्या बायका ‘कवंद’ शिवतात. जुनी लुगडी, सदरे, परकर यांचे तुकडे घ्यायचे, कडेपासून शिवायला सुरुवात करायची आणि गोल फिरत मध्यावर यायचं, धाव दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी. चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असं कोणी मानत नाही. आपल्या गोधडीची ही बहीण, पण रंगांची निवड अगदी त्यांची स्वतःची. २००४ च्या सुमारास या बायकांची सहकारी संस्था झाली, आणि २०११ मध्ये त्यांच्या कवंदी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीय संस्कृतीच्या शोमबर्ग केंद्रात, प्रदर्शनात लागल्या. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. गुजरातेत गीरजवळच्या जांबूरच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी बायकांना खतनिर्मिती, बचत, शेती यांत उभं केलं; २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या बायकांकडे आपण कसं पाहतो? लग्नाच्या जाहिरातीत अजून गोरी मुलगी हवी असते. मुंबईच्या उपनगरांत शिकायला, व्यापाराला आलेल्या आफ्रिकी तरुण-तरुणींना भाड्याने घर मिळताना नाकी नऊ येतात, लोकलमध्ये त्यांच्याकडे टक लावून पाहिलं जातं. ज्या समाजाने आनंदीबाईंवर खडे फेकले, त्याच समाजाने पुढे त्यांना डोक्यावर घेतलं. त्यामुळे हेही बदलेल, अशी आशा धरायला जागा आहे. पण बदल आपोआप होत नाही, ओळख करून द्यावी लागते.

ती करून द्यायला साधनं हाताशी आहेत. आनंदीबाईंचं कॉलेज १९७० मध्ये मुलग्यांनाही खुलं झालं, पुढे विलीनीकरणं होत होत ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सामावलं. जुने अर्ज, प्रबंध, पत्रं, छायाचित्रं फिलाडेल्फियात त्या विद्यापीठाच्या संग्रहात जपली आहेत, त्यांतली पुष्कळशी इंटरनेटवर पाहायला मिळतात. आनंदीबाईंची कागदपत्रं आहेत तशी एलायझा ग्रिअरचं ते १८९० चं पत्रही आहे. कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, बिर्ला, पेंढरकर, जोशी-बेडेकर अशी महाविद्यालयं आहेत आणि त्यांत इतिहास नि मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यापैकी एखादीने आनंदीबाईंचा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध आणि रिबेका कोलचा डोळ्यावरचा प्रबंध शेजारी ठेवून वाचावा. दुसरीने रमाबाईंची मनोरमाला लिहिलेली पत्रं घ्यावी. तिसरीने यल्लापूरची गाडी पकडावी, कवंद शिवणाऱ्या बायकांशी बोलावं. बोली समजायला अडचण पडणार नाही. कळव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीला मटिल्डा इव्हान्सच्या शाळा-तपासणीवर लिहावंसं वाटलं, तर तिच्यासाठी पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकांनी आत्तापासून पानं राखून ठेवावीत.